कोड बाद झाला, मालकही बदलला: जुन्या रुग्णनोंदी सांभाळायच्या कशा?

सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत आता बऱ्याच रुग्णालयांत केसपेपरच्या जोडीला संगणकातली नोंद असते. ती सांभाळायला कोणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी नेमलेली असते. कोणी डी.फार्म. केलेलं, कोणी बीसीए, कोणी नर्सिंगमधून इकडे वळलेलं. डॉक्टर यादीतून निदान निवडतात, त्यामागे स्नोमेड सीटीचा, म्हणजे वैद्यकीय संज्ञांना क्रमांक देणाऱ्या जागतिक शब्दसंग्रहाचा, कोड साठवला जातो आणि काम सुरळीत चालतं. मग कधीतरी नवी आवृत्ती चढवली जाते आणि वॉर्डातून सिस्टरांचा फोन येतो, "काल होतो तो कोड आज खंय गेलो?"

त्या फोननंतर काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. कोड बाद होण्याची कारणं पुष्कळ असतात. दोनदा नोंदला गेला, चुकीचा होता, अर्थ संदिग्ध होता, अशा वेळी वाट बऱ्यापैकी आखलेली असते. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कोडाची मालकी एका संस्थेकडून दुसरीकडे गेल्यावर. त्याच प्रकाराबद्दल मी सविस्तर लिहिते आहे, कारण नवख्या माणसाला ते कोणी नीट सांगत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. रुग्णाच्या जुन्या नोंदीतला कोड बदलायचा नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी जे लिहिलं ते तसंच राहिलं पाहिजे. बदलायच्या त्या निवडीच्या याद्या, सूचनांचे नियम आणि अहवालांचे शोध. पुढचं सगळं काम या एका मुद्द्यावर उभं आहे.

## मालकी म्हणजे कोणाची?

स्नोमेड सीटीचा मुख्य, आंतरराष्ट्रीय भाग लंडनमधली स्नोमेड इंटरनॅशनल ही संस्था सांभाळते. भारत २०१४ साली तिचा सदस्य झाला. आपल्याकडचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. एनआरसीईएस हे त्याचं नाव. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांत स्नोमेड सीटी आहे, त्यामुळे हे ज्ञान पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांपुरतं राहिलेलं नाही.

आंतरराष्ट्रीय भागावर प्रत्येक देश किंवा संस्था स्वतःची भर घालू शकते. तिला एक्स्टेंशन म्हणतात. भारताच्या भरीत इथली औषधं आहेत, आयुषच्या संज्ञा आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठातली प्रयोगशाळा पशुवैद्यकीय एक्स्टेंशन सांभाळते. मालकी दोन्ही दिशांनी सरकते. एखाद्या देशाने बनवलेली संज्ञा सगळ्या जगाला उपयोगी वाटली की ती वर, आंतरराष्ट्रीय भागात जाते. एखादी संज्ञा सगळ्यांसाठी नाही असं ठरलं की ती खाली, एखाद्या एक्स्टेंशनकडे जाते. केवळ प्राण्यांपुरती असलेली बरीच सामग्री अशीच आंतरराष्ट्रीय भागातून पशुवैद्यकीय एक्स्टेंशनकडे गेली.

कोकणात जमिनीचे कागद पाहिलेल्या माणसाला हे समजायला सातबाऱ्याची आठवण पुरेल. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली तरी जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. स्नोमेडमध्येही कुठलाही कोड पुसला जात नाही. त्याच क्रमांकाची नवी ओळ येते, तिच्यावर नवी तारीख असते आणि 'ॲक्टिव्ह' या रकान्यात १ च्या जागी ० असतो. फरक एवढाच, की इथला फेरफार पुष्कळदा 'जमीन अमक्या गावात गेली' एवढंच सांगतो, गट नंबर सांगत नाही. तो गट नंबर तुम्हाला शोधावा लागतो.

## काय काय जवळ हवं

* एमएलडीएस या वितरण सेवेवरचं खातं. भारतात वापरण्यासाठी संलग्न परवाना विनामूल्य मिळतो, पण नोंदणी करावीच लागते. ती रुग्णालयाच्या नावाने करा, स्वतःच्या नावाने नको. तुम्ही नोकरी सोडली की खातं तुमच्याबरोबर जाऊ नये.
* आंतरराष्ट्रीय आवृत्ती आणि भारतीय एक्स्टेंशन, दोन्हींची आरएफ-२ पद्धतीची (स्नोमेडच्या ठरलेल्या फाइल-रचनेतली) पॅकेजेस. सध्या वापरात असलेली आणि नवी, दोन्ही हवीत.
* त्या त्या आवृत्तीबरोबर येणारी प्रकाशन टिपणं. मालकी हस्तांतराची मोठी बातमी बहुतेक वेळा तिथेच असते.
* एक साधा डेटाबेस. एसक्यूलाइट पुरतो. मोठं रुग्णालय असेल तर स्नोस्टॉर्म हा मुक्तस्रोत सर्व्हर बसवता येईल.
* तुमच्या रुग्णालयात प्रत्यक्ष वापरलेल्या कोडांची यादी.
* निर्णय घेणारा एक डॉक्टर, ज्यांची सही कागदावर येईल. हे सर्वात महत्त्वाचं. ते ठरल्याशिवाय काम सुरू करू नका.

पॅकेजेस शेकडो एमबीची असतात. पावसाळ्यात लाइट आणि नेट या दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून डाउनलोड मे महिन्यातच उरकून ठेवा. बदल प्रत्यक्ष लागू करायचा दिवसही विचारपूर्वक निवडा. गणपती आणि शिमगा टाळा. चाकरमानी गावी आलेले असतात, ओपीडी भरलेली असते आणि निम्मा स्टाफ रजेवर असतो.

## पायरी १: आपल्याकडे कोणते कोड आहेत ते आधी मोजा

स्नोमेडमध्ये साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत. त्यातल्या काहीशे किंवा फार तर काही हजार तुमच्या रुग्णालयात वापरल्या गेल्या असतील. तेवढ्यांशीच तुमचा संबंध. डेटाबेसमधून प्रत्येक वेगळा कोड, तो किती वेळा वापरला, पहिल्यांदा आणि शेवटचा कधी वापरला, ही यादी काढा.

पण कोड फक्त रुग्णनोंदीत असतात असं समजू नका. ते निदानाच्या निवडयादीत असतात. औषधांच्या ॲलर्जीच्या सूचनांत असतात. डिस्चार्ज समरीच्या साच्यात असतात. महिन्याच्या अहवालाच्या क्वेरीत असतात. प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरला जोडणाऱ्या तक्त्यात असतात, आणि कोणीतरी पूर्वी बनवलेल्या एक्सेल फाइलमध्येही असतात. ही सगळी ठिकाणं एका कागदावर लिहून काढा. या पायरीला घाई करू नका, पुढचा निम्मा त्रास इथेच वाचतो.

## पायरी २: क्रमांकावरून मालक ठरवू नका

नवीन माणसाला एक युक्ती लवकर कळते. एक्स्टेंशनच्या कोडात सात अंकी नेमस्पेस, म्हणजे तो बनवणाऱ्या संस्थेचा क्रमांक, दडलेला असतो. भारताचा नेमस्पेस १०००१८९. म्हणजे शेवटच्या तीन अंकांच्या आधी हे सात अंक दिसले की कोड भारतात जन्मला. युक्ती बरोबर आहे, पण ती फक्त जन्म सांगते. आज मालक कोण, ते सांगत नाही. भारतात बनलेली संज्ञा आंतरराष्ट्रीय भागात घेतली गेली तर तिचा क्रमांक तोच राहू शकतो.

आजचा मालक 'मॉड्यूल आयडी' या रकान्यात असतो. मॉड्यूल म्हणजे एका मालकाने सांभाळलेला कोडांचा गट. आंतरराष्ट्रीय भागाच्या मुख्य मॉड्यूलचा क्रमांक ९०००००००००००२०७००८. भारतीय आवृत्तीची ओळख ११२१०००१८९१०२ या क्रमांकाने होते. पायरी १ च्या यादीला दोन रकाने जोडा: जुन्या आवृत्तीत मॉड्यूल कोणतं होतं आणि नव्या आवृत्तीत कोणतं आहे. दोन्ही वेगळे दिसले की तिथे मालकी बदलली. कोड चालू असला तरीही ही नोंद करून ठेवा, कारण पुढे त्या कोडाबद्दल शंका आली तर विचारायचं कोणाला, हे त्यावर ठरतं.

इथे एक सापळा आहे आणि तो फार वाईट आहे. स्नोमेडचे क्रमांक एक्सेलमध्ये थेट उघडू नका. एक्सेल कुठल्याही संख्येचे फक्त पंधरा अंक जपतं, पुढच्यांचे शून्य करून टाकतं. आंतरराष्ट्रीय भागातले रोजचे कोड बहुधा आठ-नऊ अंकी असतात. उदाहरणार्थ लेप्टोस्पायरोसिसचा कोड ७७३७७००१. त्यामुळे वर्षानुवर्षं एक्सेल वापरूनही काही बिघडत नाही आणि सवय पक्की होते. पण एक्स्टेंशनचा क्रमांक अठरा अंकांपर्यंत जाऊ शकतो. मालकी एक्स्टेंशनकडे गेली, नवा लांब क्रमांक आला, फाइल नेहमीसारखी उघडून सेव्ह केली, की शेवटचे अंक गेले. कुठलीही सूचना येत नाही. म्हणून क्रमांकाचा रकाना नेहमी मजकूर म्हणून आयात करा आणि डेटाबेसमध्येही मजकूर म्हणूनच साठवा. प्रत्येक क्रमांकाचा शेवटचा अंक हा व्हरहॉफ पद्धतीचा तपासणी अंक असतो. यादी पूर्ण झाल्यावर तो पडताळणारी छोटीशी स्क्रिप्ट चालवा, बिघडलेले क्रमांक बहुतेक तिथेच पकडले जातात.

(मी इथे सगळे क्रमांक देवनागरी अंकांत दिले आहेत. संगणकात भरताना ते इंग्रजी अंकांतच भरायचे.)

## पायरी ३: बाद झालेले वेगळे काढा, कारण वाचा

नव्या आवृत्तीच्या 'स्नॅपशॉट' फाइलमध्ये (तिच्यात प्रत्येक कोडाची फक्त ताजी स्थिती असते) तुमच्या यादीतले ज्यांचे ॲक्टिव्ह ० आहे ते काढा. मग त्या प्रत्येकाचं कारण बघा. कारणं एका संदर्भसंचात, म्हणजे कोडांना जोडमाहिती देणाऱ्या वेगळ्या तक्त्यात, असतात. यातले क्रमांक अठरा अंकी, सुरुवात ९ ने, मग अकरा शून्यं आणि शेवटी सहा अंक. वाचायला सोपं जावं म्हणून पुढे मी शेवटचे सहाच देते. कारणांच्या संचाचे शेवटचे अंक ४८९००७.

कारण 'डुप्लिकेट', 'ॲम्बिग्युअस', 'एरोनियस', 'आउटडेटेड' यांपैकी असेल तर मालकीचा प्रश्न नाही. आपल्याला हवं ते 'मूव्हड एल्सव्हेअर', म्हणजे दुसरीकडे गेला, शेवटचे अंक ४८७००९.

त्याच्या शेजारीच 'पेंडिंग मूव्ह', शेवटचे अंक ४९२००६, हे शोधायला विसरू नका. हे कोड अजून चालू असतात. घर बदलायचं ठरलंय, सामान हललेलं नाही, अशी त्यांची स्थिती. ॲक्टिव्ह ० असलेलेच शोधत बसलात तर हे दिसणार नाहीत, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत अचानक बाद झालेले आढळतील. त्यांची वेगळी यादी करून भिंतीवर लावा.

## पायरी ४: दुवा कुठे नेतो ते समजून घ्या

बाद कोडापासून चालू कोडाकडे नेणारे दुवे असतात. त्यांना ऐतिहासिक संबंध म्हणतात. 'सेम ॲज' (५२७००५) म्हणजे अर्थ तोच, एकच उत्तर. 'रिप्लेस्ड बाय' (५२६००१) म्हणजे त्याच्या जागी हा वापरा. 'पॉसिब्ली इक्विव्हॅलंट टू' (५२३००९) म्हणजे यांपैकी एखादा असू शकेल, आणि तो कोणता हे यंत्र सांगू शकत नाही.

आणि मग 'मूव्हड टू' (५२४००३).

नवशिक्या प्रोग्रॅमरने लिहिलेली स्क्रिप्ट या दुव्याशी हमखास अडखळते. बाकीच्या दुव्यांचं दुसरं टोक एखाद्या आजारावर, शस्त्रक्रियेवर, औषधावर असतं. 'मूव्हड टू'चं दुसरं टोक असतं नेमस्पेसवर, म्हणजे ज्या संस्थेकडे संज्ञा गेली त्या संस्थेच्या ओळखीवर. सगळे दुवे एकाच पद्धतीने पाळणारी स्क्रिप्ट चालवली तर रुग्णाच्या निदानाच्या जागी एका संस्थेच्या नेमस्पेसचा कोड जाऊन बसतो. क्रमांक वैध असतो, तपासणी अंक जुळतो, सिस्टम तक्रार करत नाही. स्क्रिप्टमध्ये पहिली अट हीच घाला, की 'मूव्हड टू' आपोआप पाळायचा नाही. तो माणसाच्या यादीत टाकायचा.

दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे आणि तो उशिरा लक्षात येतो. कोड बाद झाला की त्याचे आई-वडिलांशी, म्हणजे वरच्या व्यापक संज्ञांशी, असलेले संबंधही बाद होतात. तो वंशावळीतून बाहेर पडतो. तुमचा अहवाल 'अमुक आजार आणि त्याचे सगळे प्रकार' असा वंशज शोध करत असेल, तर ज्या रुग्णांच्या नोंदी बाद कोडाने झाल्या ते मोजलेच जात नाहीत. नोंद जागेवर असते, पण आकड्यात दिसत नाही. लावणीनंतरच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण वाढतात तेव्हा रुग्णालयाच्या आठवड्याच्या आकड्यात अशी गळती झाली तर 'यंदा कमी आहेत' असं वाटायला वेळ लागत नाही. म्हणूनच मी सांगते, की बदल ऐन पावसाळ्यात लागू करू नका.

यावर उपाय म्हणून स्नोमेडच्या शोधभाषेच्या, ईसीएलच्या, नव्या आवृत्त्यांत हिस्टरी सप्लिमेंट नावाची सोय आहे. शोधाला ते शेपूट जोडलं की चालू कोडांबरोबर त्यांच्याकडे दुवा असलेले बाद कोडही येतात. चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण ती चालते दुव्याच्या दुसऱ्या टोकावरून, आणि 'मूव्हड टू'चं टोक आजारावर नसतं. त्यामुळे मालकी बदलून गेलेले कोड त्या शोधातही सापडत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतःचा तक्ता करण्यावाचून पर्याय नाही.

## पायरी ५: नवा पत्ता शोधा

आता प्रत्येक 'मूव्हड' कोडासाठी त्या नेमस्पेसची संस्था कोणती ते बघा आणि तिचं एक्स्टेंशन मिळवा. पुढे चार शक्यता असतात.

पहिली, तोच क्रमांक नव्या मालकाच्या मॉड्यूलमध्ये चालू आहे. उत्तम. अर्थ बदललेला नाही ना, एवढं पूर्ण विशिष्ट नाव वाचून खात्री करा. इथे एक अडचण येते. दोन पॅकेजेस एकाच टेबलात भरली की एका क्रमांकाच्या दोन ओळी होतात, एक बाद आणि एक चालू. भरण्याच्या क्रमावर कोणती टिकेल ते ठरत असेल तर ते नशिबावर सोडल्यासारखं आहे. मॉड्यूल आणि तारीख दोन्ही धरून ओळी साठवा आणि अशा जोड्या समोरासमोर ठेवून पाहा.

दुसरी, नवा क्रमांक दिला आहे आणि त्यापासून जुन्याकडे 'मूव्हड फ्रॉम' (५२५००२) असा दुवा आहे. म्हणजे शोध उलट्या बाजूने करायचा. जुना क्रमांक या संचात दुसऱ्या टोकाला आहे का, ते बघा. बरेच जण जुन्या कोडापासून पुढे जाणारे दुवेच तपासतात आणि मागे येणारा दुवा त्यांना दिसत नाही.

तिसरी, नवा क्रमांक आहे पण दुवा नाही. मग नाव, समानार्थी शब्द, आणि बाद होण्याआधी त्याचे आई-वडील कोण होते, यावरून शोधा. जुने संबंध 'फुल' फाइलमध्ये सापडतात, तिथे प्रत्येक ओळीचा सगळा इतिहास असतो. नावं जुळली म्हणजे झालं असं मानू नका. नाव तेच ठेवून व्याख्या थोडी अरुंद किंवा रुंद केलेली असू शकते.

चौथी, नव्या मालकाने अजून काहीच प्रकाशित केलेलं नाही, किंवा ते एक्स्टेंशन तुमच्याकडे येण्याचा संबंधच नाही. आंतरराष्ट्रीय आवृत्ती २०२२ पासून दर महिन्याला येते. त्याआधी ती वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत यायची. सगळी एक्स्टेंशन्स त्या वेगाने चालत नाहीत. कोणतं एक्स्टेंशन आंतरराष्ट्रीय भागाच्या कोणत्या तारखेच्या आवृत्तीवर उभं आहे ते मॉड्यूल डिपेंडन्सी संचात (५३४००७) लिहिलेलं असतं. तिथे तारीख जुळत नसेल तर आंतरराष्ट्रीय भाग एकटा पुढे नेऊ नका. नेलात तर मधल्या काळात तो कोड दोन्हीकडे नसतो.

चौथ्या शक्यतेसाठी आपल्याकडचं एक उदाहरण देते. २०१६ पासून दोडामार्ग आणि बांदा भागात माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार गोचिडीतून येतो, काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. समजा एखाद्या रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदींसोबत परिसरातल्या मेलेल्या माकडांची आणि जनावरांवरच्या गोचिडींची माहितीही कोड लावून ठेवली. माणसांचे कोड जागेवर राहिले आणि प्राण्यांपुरत्या संज्ञा पशुवैद्यकीय एक्स्टेंशनकडे गेल्या, तर एकाच नोंदवहीतले अर्धे कोड चालू आणि अर्धे बाद, अशी स्थिती येईल. अशा वेळी ओढूनताणून माणसांच्या आजाराचा जवळचा कोड लावू नका. जुना कोड, त्याचं त्या वेळचं नाव आणि आवृत्तीची तारीख तशीच ठेवा. पुढच्या नोंदींसाठी ते एक्स्टेंशन घ्यायचं की स्थानिक कोड वापरायचा, हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा.

## पायरी ६: तक्ता करा, डॉक्टरांची सही घ्या

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: जुना कोड, त्याचं त्या वेळचं नाव, जुना मालक, बाद झाल्याची तारीख, कारण, नवा मालक, नवा कोड, नातं, निर्णय कोणी घेतला, तारीख, शेरा.

'नातं' या रकान्यात चारच शब्द वापरा: तंतोतंत, व्यापक, अरुंद, नाही. 'साधारण सारखा' हा पर्याय ठेवला की सगळे तोच निवडतात, म्हणून तो ठेवूच नका.

निर्णय तुम्ही घेऊ नका. तुम्ही कितीही वाचलं असलं तरी दोन निदानांत फरक आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. त्यांच्यापुढे शंभर ओळींची फाइल ठेवली तर ते ती बघणार नाहीत, आणि त्यांचा दोष नाही. तंतोतंत जुळणारे आधी वेगळे काढा, वादाचे तेवढे छापून न्या. प्रत्येक ओळीत तो कोड किती रुग्णांच्या नोंदीत आहे तेही लिहा. कशावर वेळ घालवायचा ते त्यांना लगेच कळतं. विंचूदंश, सर्पदंश, विषबाधा, ॲलर्जी यांच्या ओळी वापर कमी असला तरी सगळ्यात वर ठेवा. ॲलर्जीचा कोड निसटला तर पुढच्या वेळी औषध लिहिताना धोक्याची सूचनाच येणार नाही.

## पायरी ७: बदल लागू करा

आधी बॅकअप. मग या क्रमाने जा.

निवडयादीतून बाद कोड काढा आणि नवा कोड त्याच जागी, डॉक्टरांच्या ओळखीच्या शब्दासह ठेवा. नावाचा क्रम बदलला तरी वॉर्डात गोंधळ होतो. सूचनांच्या नियमांत मात्र जुना कोड काढू नका. तिथे जुना आणि नवा, दोन्ही हवेत, कारण जुन्या रुग्णाच्या नोंदीत जुनाच आहे. अहवालाच्या क्वेरीतही तसंच, वंशज शोध आणि तक्त्यातले बाद कोड मिळून एक संच.

रुग्णनोंदीला हात लावू नका. 'सगळ्या नोंदी एकदाच अपडेट करून टाकू' असं सॉफ्टवेअरवाल्यांकडून सुचवलं जातं, कारण त्यांना ते सोपं पडतं. ठाम नकार द्या. ती नोंद कायदेशीर कागद आहे आणि त्या दिवशी डॉक्टरांना काय माहीत होतं, याचा पुरावा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाच्या वापराचं काम उभं केलं ते रुग्णांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींवर. तुमच्या रुग्णालयातून उद्या असं काही व्हायचं असेल, तर आजच्या नोंदी पुढच्या माणसाला जशा लिहिल्या तशाच वाचता आल्या पाहिजेत. नवा कोड हवाच असेल तर तो शेजारच्या वेगळ्या रकान्यात, 'नंतर लावलेला' अशी खूण करून ठेवा.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनअंतर्गत नोंदी बाहेर पाठवत असाल तर प्रत्येक कोडाबरोबर आवृत्ती आणि मूळ शब्द दोन्ही पाठवा. पलीकडच्या रुग्णालयाकडे वेगळी आवृत्ती असली तरी कोड कुठला ते त्यांना कळतं, आणि कोड त्यांनी नाकारलाच तर शब्द तरी वाचता येतो.

प्रयोगशाळेच्या चाचण्यांचे लॉइंक कोड या कामात मिसळू नका. त्यांचा मालक वेगळा, बाद करण्याची पद्धत वेगळी आणि पर्याय सांगणारी फाइलही वेगळी.

## पायरी ८: आकडे जुळवा

बदलाच्या आधी आणि नंतर तेच अहवाल, त्याच कालावधीसाठी चालवा. मागच्या पावसाळ्यातले लेप्टोचे रुग्ण, मागच्या वर्षातले सर्पदंश, मधुमेहाचे नोंदणीकृत रुग्ण. आकडा एकनेही हलला तर थांबा आणि तो रुग्ण कोण ते शोधा. कारण सापडलं की तक्त्यात शेरा लिहा. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवर एखाद्या सिस्टरना बसवून त्यांच्या रोजच्या पद्धतीने निदानं टाकायला सांगा. कुठला शब्द सापडत नाही ते त्यांना तुमच्या आधी कळतं.

## पायरी ९: पुढच्या आवृत्तीची तयारी

दर महिन्याची आंतरराष्ट्रीय आवृत्ती चढवायची गरज नाही. लहान रुग्णालयाने भारतीय एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्तीबरोबर, वर्षातून एक-दोनदा बदल केला तरी चालतं. फक्त मधल्या आवृत्त्यांचे बदल एकदम येतात, हे लक्षात ठेवून तुलना तुमच्या शेवटच्या आवृत्तीशी करा, लगतच्या महिन्याशी नको.

दर वेळी तीन गोष्टी पाहा. पेंडिंग मूव्हच्या यादीतले कोणते प्रत्यक्ष हलले. तुमच्या तक्त्यातला 'नवा कोड' स्वतःच बाद झाला आहे का. तसं झालं असेल तर साखळी शेवटच्या चालू कोडापर्यंत न्या, पण मधला टप्पा खोडू नका. आणि बाद झालेला एखादा कोड परत चालू झाला आहे का. असंही होतं, तेव्हा तक्त्यातली ओळ काढण्याऐवजी तिच्यावर शेवटची तारीख टाका.

नव्या मालकाकडे संज्ञा सापडत नसेल, किंवा जुळणीबद्दल शंका असेल, तर एनआरसीईएसकडे विचारणा करा. विचारताना पूर्ण कोड, नाव, दोन्ही आवृत्त्यांच्या तारखा आणि तुम्ही काय काय तपासलंत ते एकाच पत्रात लिहा. उत्तर आलं की ते तक्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवा, तुमच्या ईमेलमध्ये नको. तुमच्या जागी उद्या येणाऱ्याला ते तिथेच सापडेल.